फासेपारधी, शाळा आणि माळरान

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला हे नाव सांगितले की तो बिनचूक तेथे नेऊन सोडतो. परंतु नावातील ‘सेटलमेंट’ म्हणजे काय आणि ती ‘फ्री’ झाली ती कशापासून, हे शहरातील सुशिक्षितांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्रजी राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून रोज हजेरी घेण्याची व्यवस्था म्हणजे सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट ही इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून ‘फ्री’.

या वसाहतींची कल्पना राबविणाऱ्या स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याचा हेतू निव्वळ दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. कुंपणाच्या आत शाळा होती, कामाचे शिक्षण होते आणि बाहेर गिरणीतली नोकरी होती. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला या लोकांच्या पायांना खीळ घालायची होती. दोघांचेही काम एका हजेरीपटात भागले. मात्र या सुधारणेच्या मुळाशी एक गृहीत होते, आणि ते आजही शाळांतून मुकाट्याने वावरते आहे. कुंपणात आलेले मूल कोरी पाटी घेऊन आले आहे, असे ते गृहीत.

वस्तुतः फासेपारध्याच्या मुलाची पाटी कोरी नव्हती. तित्तिराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून त्याला जवळ बोलाविणे, पाळलेला तित्तीर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तित्तिराला आव्हान देणे, बैलाच्या आडोशाने पाऊल पाऊल पुढे सरकत हरणांच्या कळपाला गाठणे, वारा कोणीकडून वाहतो ते पाहून फाशांची रांग कोठे लावायची ते ठरविणे, या सर्व गोष्टी त्याला वडिलांच्या मागे चालता चालता मिळत. फासा तयार करणे हीच एक विद्या होती. तात किंवा घोड्याचे केस यांचा पीळ किती द्यायचा, खुंटी किती खोल रोवायची, लाव्यासाठी गाठ कशी आणि हरणासाठी कशी, याचे ज्ञान बोटांत असे. त्यासाठी गवताची ओळख लागे, पक्ष्याच्या विणीचा हंगाम माहीत असावा लागे, धुळीतल्या ठशावरून जनावर कधी गेले ते सांगता यावे लागे. विद्यापीठाच्या भाषेत यालाच परिसरविज्ञान म्हणतात. फरक एवढाच की, पारध्याच्या अभ्यासक्रमात नापास होणारा उपाशी राहत असे.

हे सारे ज्ञान ज्या भाषेत साठविलेले होते ती पारधी बोली गुजरातीशी आणि भिली बोलींशी नाते सांगते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भिली भाषांच्या खंडात तिची नोंद आहे. तरीही गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी तिला दीर्घकाळ ‘चोरांची सांकेतिक भाषा’ मानले. अनोळखी शब्द कानावर पडला की संशय घ्यावयाचा, हा सर्वत्र आढळणारा रिवाज. पण येथे त्या संशयाला कायद्याचा आधार होता. साहजिकच आईबापांनी मुलांना चारचौघांत ती बोलू नका असे शिकविले. १९७१ च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषा स्वतंत्रपणे छापल्या जात नाहीत, आणि मोठ्या भाषांच्या पोटात मोजल्या जाणाऱ्या बोलींचे तर अस्तित्वच कागदावरून पुसट होते.

कायदा रद्द झाल्यावर कुंपण गेले. पण विद्येवरचे दुसरे कुंपण वीस वर्षांनी आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली. ही बंदी योग्यच होती. हरणे आणि माळढोक यांचा संहार ज्या वेगाने चालू होता, त्यात बंदुका आणि जीपगाड्यांचा वाटा फाशांपेक्षा कितीतरी मोठा असला, तरी बंदी सर्वांनाच असावी लागते. प्रश्न निराळा आहे. ज्या दिवशी शिकार गुन्हा ठरली त्या दिवशी शिकाऱ्याचे ज्ञानही टाकाऊ ठरविण्याची काही गरज नव्हती. १९७० च्या दशकात नान्नज परिसरातील माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. उघड्या माळावर एकच अंडे घालणारा हा पक्षी कोठे बसतो, कोणत्या गवतात चरतो, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन आले. ज्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते त्याच माळाच्या कडेला पालात राहत होते, आणि वनखात्याच्या दप्तरात त्यांची नोंद असलीच तर संशयित म्हणून. अभयारण्याचे क्षेत्र पुढे कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

या व्यवहाराचा जमाखर्च अर्थशास्त्राच्या रीतीने मांडून पाहण्यासारखा आहे. सेटलमेंटने रानाची विद्या काढून घेतली व मोबदल्यात गिरणीची नोकरी दिली. शतक संपेपर्यंत सोलापूरच्या बहुतेक जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले. म्हणजे जुने भांडवल मोडून जे नवे घेतले तेही बुडाले, आणि तिसऱ्या पिढीच्या हाती उरली ती मजुरी, ऊसतोड किंवा सिग्नलवरची फुगेविक्री. चोरी कोठेही झाली की पोलिसांची गाडी प्रथम पारधी वस्तीवर येते, ही जुनी हजेरी मात्र अजून चालू आहे.

अशा घरातले मूल आज जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याच्याशी जी भाषा बोलली जाते, ती त्याच्या आईची नसते. राज्यघटनेच्या ३५० (क) अनुच्छेदात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे म्हटले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही ‘शक्य तेथवर’ मातृभाषा असे शब्द आहेत. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांत सरकारी आळसाला भरपूर जागा असते. यावर आक्षेप असा घेतला जातो की, पारधी आईबापांनाच मुलांनी मराठी, किंबहुना इंग्रजी शिकावे असे वाटते. मग बोलीचा हट्ट कोणासाठी? आक्षेप खोटा नाही. मराठी आल्यावाचून तहसील कचेरीत जातीचा दाखलाही मिळत नाही. परंतु बोलीतून सुरुवात करणे म्हणजे मराठी नाकारणे नव्हे. ओडिशाने २००७ पासून दहा आदिवासी भाषांतून पहिलीची सुरुवात करून पुढे उडियाकडे नेण्याचा क्रम आखला. पारधी बोली येणारा एक मदतनीस पहिली-दुसरीच्या वर्गात बसविण्यास कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागणार नाही.

महाराष्ट्रात याचे प्रयत्न झालेले आहेत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या पारधी तरुण शिक्षकाने पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा उभी केली. लोकवर्गणीतून वाढलेल्या या शाळेच्या काही इमारती २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आखणीत गेल्या. दुसरे उदाहरण वाशिम-अकोल्याकडचे. तेथे ‘संवेदना’ या संस्थेच्या साहाय्याने फासेपारध्यांनी तणमोर या दुर्मीळ पक्ष्याचा माग ठेवण्याचे आणि गवताळ माळ राखण्याचे काम हाती घेतले. ज्या हातांनी फासे लावले तेच हात तणमोराच्या नोंदी करतात. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पर्यटकांना जंगल वाचून दाखवितात. या ठिकाणी शिकार परत आली नाही. परत आली ती नजर, आणि तिच्याबरोबर पक्ष्यांची, गवतांची, ठशांची नावे.

सोलापूरला तर याचे महत्त्व अधिकच कळावयास हवे. याच शहरात जन्मलेले आणि जून २०२५ मध्ये येथेच निवर्तलेले मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी होते. परंतु रानातल्या माणसांकडून शब्द घेण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. ‘सारंगागार’, ‘काकागार’ यांसारखे शब्द त्यांच्या लेखणीतून मराठी वाचकांच्या घरात आले, त्यांचा ‘पक्षिकोश’ शाळांच्या कपाटांत पोहोचला. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी समाजाने या शब्दधनाचा गौरव केला. मात्र ज्या बोलींच्या पोटी असे शब्द जन्मतात त्या बोलणाऱ्यांची मुले त्याच शहराच्या कडेला, मराठी पहिलीच्या वर्गात मान खाली घालून बसलेली असतात.

नान्नजच्या माळावर पर्यटकांना पक्षी दाखविणारे वाटाडे लागतात, गवताची निगा राखणारे लागतात, राखणदार लागतात. पारधी जमात महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. तेव्हा वनखात्यातील जागांवर तिचा हक्क कागदोपत्री आहेच. वनरक्षकाच्या भरतीत उमेदवाराला ठरावीक वेळेत धावून दाखवावे लागते. धुळीतल्या ठशावरून पक्षी कोणता आणि तो कोणीकडे गेला, हे त्याला कोणी विचारीत नाही.