मुद्दाम मंद केलेलं नेट

वेबसाइट तपासणाऱ्याला ऑफिसातल्या वायफायइतकं दुसरं काही फसवत नाही. पुण्यात आमच्या टेबलावर बोट लावताच उघडणारं पान कर्जत-लोणावळा घाटात, दोन बोगद्यांच्या मधल्या तुटक रेंजवर अडून बसतं. तक्रार आली की डेव्हलपरचं उत्तर ठरलेलं असतं : ‘माझ्याकडे तर चालतंय.’ मग त्याच्याकडेही ते चालू नये, अशी सोय करावी लागते. चांगलं नेट हेतुपुरस्सर बिघडवण्याच्या या कामाला थ्रॉटलिंग म्हणतात. फेसबुकने २०१५ मध्ये ‘टूजी ट्यूजडे’ सुरू केला होता. ज्या कर्मचाऱ्यांची तयारी असेल त्यांना मंगळवारी तासभर टूजीच्या वेगाने फेसबुक वापरायला मिळे.

सुरुवात सोपी असते. अँड्रॉइड फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये फोनवरचं पान उघडायचं आणि नेटवर्कच्या यादीतून थ्रीजी निवडायचं. आता वेग सेकंदाला ४०० किलोबिट आणि प्रत्येक मागणीमागे दोन सेकंदांचा उशीर.

मराठी पानावर पहिला फटका अक्षरांना बसतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल बऱ्याचदा रोमनपेक्षा जड असते. ती येईपर्यंत क्रोम साधारण तीन सेकंद मजकूर लपवून ठेवतो. वरची पट्टी रंगते, चौकटी उमटतात, बटणही दिसतं, फक्त त्यावर काही लिहिलेलं नसतं. मग फोनमधलाच फाँट वापरून मजकूर येतो. थोड्या वेळाने खरा फाँट पोहोचतो, ओळींची उंची बदलते आणि सगळं पान खाली सरकतं. ‘पुढे जा’ दाबायला गेलेला अंगठा ‘रद्द करा’वर पडतो.

डेव्हटूल्समधला हा संथपणा मात्र फार शिस्तीचा असतो. ब्राउझर प्रत्येक मागणीला मोजून थांबवतो, वाटेत एकही पॅकेट हरवत नाही. खऱ्या नेटवर ती हरवतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. त्यासाठी मी लिनक्स लॅपटॉपचा हॉटस्पॉट करून फोन त्याला जोडतो आणि नेटेम हे त्यातलं टूल वापरून ३०० मिलिसेकंदांचा उशीर व दोन टक्के गळती लावतो. आयफोनच्या डेव्हलपर मेनूत याच कामासाठी ‘नेटवर्क लिंक कंडिशनर’ असतो.

इथे एक हिशेब उघड होतो. नवी साइट उघडताना पत्ता शोधायला एक फेरी, जोडणीला एक, टीएलएस १.३ च्या सुरक्षेला एक आणि पान मागायला एक. चार फेऱ्या, म्हणजे पहिला बाइट यायच्या आधीच १.२ सेकंद गेले. बँडविड्थ दुप्पट केली तरी ते वाचत नाहीत. फाँट, जाहिरात आणि नकाशा वेगवेगळ्या सर्व्हरवरून मागवले, तर पहिल्या तीन फेऱ्या प्रत्येकाला नव्याने माराव्या लागतात.

खरी परीक्षा फॉर्मवर होते. ‘सबमिट’ दाबायचं आणि लगेच फोन विमान मोडवर टाकायचा. अर्ज सर्व्हरला मिळालेला असतो, पोच मात्र वाटेतच अडकते. पानावर काहीच हलत नाही, मग माणूस साहजिकच नेट आल्यावर पुन्हा दाबतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतात. पैशांचा व्यवहार असेल, तर दोनदा पैसे कापले जाण्याची भीती. बटण दाबल्याबरोबर ते निष्क्रिय करून ‘पाठवत आहोत’ दाखवायचं आणि प्रत्येक अर्जाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला तोच अर्ज सर्व्हर ओळखतो.

नेट आहे की नाही हे ब्राउझरला विचारून भागत नाही. फोन वायफायला चिकटलेला असला की ब्राउझर ‘ऑनलाइन’ म्हणून मोकळा होतो, मग पलीकडे एक पॅकेटही जात नसेना का. नेट पूर्ण गेलं तर निदान तशी पाटी तरी येते. संथ नेटवर मात्र पान मुकाट राहतं आणि माणूस स्वतःच अंदाज बांधत बसतो. म्हणून माझ्या अहवालात सेकंदांच्या शेजारी आणखी एक रकाना असतो : तेवढ्या वेळात पानाने माणसाला काय सांगितलं? तो कोरा असेल, तर सेकंद कितीही कमी असोत, पान नापास.