काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांना घाबरू नका

कॉलेज संपलं, आयटी कंपनीत पहिली नोकरी लागली आणि प्रोजेक्ट मिळाला मेनफ्रेमचा! समोर काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं आणि माऊसला जवळजवळ कामच नाही. 'आपण जुनाट कामात अडकलो' असं वाटणं साहजिक आहे. पण जगातल्या अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचा कारभार आजही मेनफ्रेमवरच चालतो. सुरुवातीला गोंधळ उडतो तो मुख्यतः नव्या शब्दांमुळे. ते शब्द आधी समजून घ्या.

मेनफ्रेम आणि होस्ट

मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळी हजारो लोकांचं काम सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टम ३६० च्याच घराण्यातल्या मेनफ्रेम आज वापरात आहेत. तुमचा पीसी ज्या कॉम्प्युटरशी जोडला जातो, तो होस्ट.

टर्मिनल आणि इम्युलेटर

१९७१ मध्ये आयबीएमचं ३२७० टर्मिनल आलं. स्क्रीन आणि कीबोर्ड तुमच्यापुढे, हिशेब मात्र सगळा होस्टकडे. त्याची नेहमीची स्क्रीन २४ ओळींची, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं. आता ते जाडजूड यंत्र गेलं. त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर म्हणजे इम्युलेटर.

आयपी अ‍ॅड्रेस, पोर्ट आणि प्रोटोकॉल

आयपी अ‍ॅड्रेस हा इमारतीचा पत्ता, तर पोर्ट हा फ्लॅटचा नंबर. दोन कॉम्प्युटरनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. इथे तो असतो टीएन३२७०, म्हणजे ३२७० साठी वापरलेलं टेलनेट. टेलनेटचा ठरलेला पोर्ट २३. पण साध्या टेलनेटमधून पासवर्डसुद्धा उघडाच जातो. म्हणून जोडणीला टीएलएसचं कुलूप लावतात. सेटिंगमध्ये टीएलएस सुरू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

कीबोर्ड लॉक

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही टाइप करू लागताच समोरच्याला कळतं. इथे तसं नाही. हा प्रकार पोस्टात फॉर्म भरून देण्यासारखा आहे. आधी सगळे रकाने भरायचे, मग एंटर दाबायचं, तेव्हा ती माहिती एकदम होस्टकडे जाते. उत्तर येईपर्यंत कीबोर्ड अडवलेला असतो, तेव्हा थांबा. जिथे लिहायची परवानगी नाही तिथे टाइप केलं, तरीही तो अडतो. अशा वेळी पीसी बंद करू नका, रिसेट दाबा. अनेक इम्युलेटरमध्ये डावीकडचं कंट्रोल बटण हेच काम करतं.

सेशन

लॉगऑन ते लॉगऑफ म्हणजे एक सेशन. नुसती विंडो बंद केली तर होस्टवर तुमचं सेशन उघडंच राहू शकतं. मग पुन्हा शिरताना 'हा आयडी आधीच वापरात आहे' असा निरोप येतो आणि मदतीसाठी सीनियरला शोधावं लागतं. म्हणून घरी निघताना आधी लॉगऑफ, मगच विंडो बंद.

एवढे शब्द कळले की ट्रेनिंगमध्ये प्रश्न विचारायला संकोच वाटणार नाही. नेमका प्रश्न विचारता आला, की काम शिकायला फार वेळ लागत नाही.