होला मारून धान वाचतं का?

पूर्व विदर्भात धानाची कापणी पावसाळा सरल्यावर होते. कापलेल्या पेंढ्या काही दिवस बांधीतच वाळतात, मग त्यांचं पुंजणं रचलं जातं आणि सवडीनं मळणी होते. भामरागडच्या आसपास, जिथे पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात, तिथेही शेत म्हणजे जंगलाच्या कडेनं पसरलेल्या लहान लहान बांध्या. हिवाळ्यात सकाळी अशा बांधीत पाहिलं तर होल्यांचे थवे दाणे टिपताना दिसतात. ठिपकेवाला होला, छोटा होला असे दोन-तीन प्रकार सहज ओळखता येतात. शेतकऱ्याला वाटतं, एवढे पक्षी रोज खाणार, तर घरात काय येणार? मग गुलेल, फासे आणि कधी भरमार बंदूकही बाहेर निघते.

शेतकऱ्याची काळजी खोटी नाही. साधा हिशेब करून पाहू. एक होला दिवसाला पंधरा ग्रॅम दाणे खातो असं धरू. पन्नास होले महिनाभर रोज आले तर ५० × १५ × ३० म्हणजे साडेबावीस किलो धान झालं. भरडल्यावर त्याचे पंधरा किलोच्या आसपास तांदूळ होतील. पाच-सहा जणांच्या घरात हा आठवड्याचा भात आहे. ज्यांची शेती एक-दोन एकरांची आहे, त्यांना ‘थोडं पाखरांनी खाल्लं तर काय बिघडलं’ असं सांगणं बरं नाही.

पण या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली. होल्यानं खाल्लेला प्रत्येक दाणा घरात आला असता, असं आपण मानलं. ते खरं आहे का?

कोण कुठला दाणा खातं?

पक्ष्याची चोच आणि पाय पाहिले की तो काय खाऊ शकेल याचा अंदाज येतो. मुनिया आणि सुगरण हलके असतात. ते काडीला धरून लोंबतात आणि लोंबीतला दाणा सोलून खातात. पोपट तर अख्खी लोंबीच तोडून नेतो. होल्याचं तसं नाही. त्याचे पाय जमिनीवर चालण्याजोगे आणि चोच मऊ, बारीक. डुलणाऱ्या काडीला धरून दाणे सोलणं त्याला जमत नाही. तो मुख्यतः जमिनीवर पडलेलं टिपतो. कापणीत सांडलेले दाणे आणि तणाचं बी हे त्याचं नेहमीचं खाणं. सांडलेला दाणा घरात येणारच नव्हता, आणि तणाचं बी खाल्लं तर शेतकऱ्याचा फायदाच.

होला नुकसान करतो ते दोन ठिकाणी. पऱ्ह्यासाठी फेकलेलं बी उघडं राहिलं तर तो ते टिपतो, आणि खळ्यावर किंवा पसरलेल्या पेंढ्यांवर दाणे मोकळे झाले की तिथे येतो. म्हणजे साडेबावीस किलो ही वरची मर्यादा झाली. खरं नुकसान त्याच्या किती खाली आहे, हे शेतात मोजूनच कळेल. आणखी एक गोष्ट. होला दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर खातो, उंदीर रात्री खातो आणि बिळात साठवतो. दिसणाऱ्या चोरावर सगळा आळ येतो.

बंदुकीनं संख्या कमी होते का?

या प्रश्नाचा सर्वांत काळजीपूर्वक अभ्यास इंग्लंडमध्ये झाला. तिथलं रानकबूतर आकारानं आपल्या होल्यापेक्षा बरंच मोठं. हिवाळ्यात त्याचे थवे शेतांवर उतरतात. ते मारावेत म्हणून एके काळी सरकार काडतुसांसाठी सवलतही देत असे. आर. के. मर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावाच्या परिसरात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षं या कबुतरांची मोजणी केली. कापणीनंतर पडलेले दाणे संपले की ही कबुतरं कुरणातल्या क्लोव्हर नावाच्या गवतवजा वनस्पतीच्या पानांवर हिवाळा काढत. किती कबुतरं वसंतापर्यंत जगणार हे त्या पानांच्या साठ्यावर ठरत होतं. गोळ्या किती झाडल्या याचा त्यावर फारसा परिणाम होत नव्हता.

हे चमत्कारिक वाटेल, पण गणित सोपं आहे. समजा, हिवाळ्याच्या सुरुवातीला १०० कबुतरं आहेत आणि अन्न ४० जणांपुरतंच आहे. कोणी मारलं नाही तरी ६० उपाशी मरतील. आता आपण ३० मारली. उरलेल्या ७० पैकी ३० उपाशी मरतील आणि पुन्हा ४०च उरतील. मारलेल्या कबुतरांनी इतरांना जागा आणि अन्न मोकळं करून दिलं, एवढंच. साठाहून जास्त मारली, तरच वसंतात फरक दिसेल. पुढे १९७०च्या दशकापासून इंग्लंडमध्ये हिवाळी मोहरीवर्गीय तेलबियांचं पीक वाढलं, कबुतरांना थंडीत भरपूर पाला मिळू लागला आणि त्यांची संख्याही वाढली. संख्येची दोरी अन्नाच्या हातात होती.

मग एक शंका येते. अमेरिकेतलं प्रवासी कबूतर तर मारूनच संपलं ना? कोट्यवधींच्या थव्यांनी उडणारा हा पक्षी. त्यातली शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. इथे वरचं गणित का चाललं नाही? कारण ही कबुतरं वीण चालू असताना, घरट्यांच्या वसाहतींवर जाऊन मारली गेली. पिल्लंही उचलली गेली. वसाहत कुठे आहे याची खबर तारेनं जाई आणि माल रेल्वेनं शहरात पोचे. शिवाय जंगलं तुटत होती. हिवाळ्यात मारलेला पक्षी कदाचित तसाही मेला असता. विणीत मारलेल्या पक्ष्याबरोबर मात्र त्याची पिल्लंही जातात, आणि ही तूट भरून निघत नाही.

भामरागडला हे दुसरं उदाहरण जास्त लागू पडतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही. होले पिल्लांना आपल्या अन्नपिशवीत तयार होणारं दूध पाजतात, त्यामुळे किडे मिळण्याची वाट न पाहता ते वर्षातल्या बहुतेक महिन्यांत वीण करू शकतात. म्हणजे हिवाळ्यात फाशात सापडलेल्या होल्याची दोन पिल्लं घरट्यात असण्याची शक्यता बरीच आहे.

पोट, कायदा आणि उपाय

इथल्या माडिया माणसानं पक्षी मारला तो बहुधा हौसेनं नसतो. मटण विकत घेणं परवडत नाही, तिथे होला हे कालवण असतं. हेमलकशाला १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पातलं प्राण्यांचं अनाथालयही शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांपासूनच उभं राहिलं. तेव्हा शिकारीचा प्रश्न भुकेपासून वेगळा काढता येत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना घेऊन काही शिकार करायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. कायद्याच्या भाषेत फासे लावणं, विष घालणं आणि अंडी-घरटी मोडणं हीसुद्धा शिकारच. भामरागडला तर १९९७ पासून अभयारण्यही आहे. दाण्यांना कीटकनाशक लावून टाकणं सर्वांत वाईट, कारण ते विष कोंबडीपर्यंत आणि माणसाच्या ताटापर्यंतही पोचतं.

नुकसान जिथे होतं तिथेच ते अडवणं स्वस्त पडतं. पऱ्ह्याचं बी मातीनं नीट झाकावं. गावानं पेरणी आणि कापणी जवळपास एकाच वेळी करावी, कारण एकटं पिकलेलं शेत साऱ्या पाखरांना बोलावतं. पेंढ्या जास्त दिवस पसरून ठेवू नयेत. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, कारण पाखरं हुशार असतात आणि न हलणाऱ्या माणसाला भीत नाहीत.

वर्गासाठी एक प्रयोग

कापणीच्या तीन आठवडे आधी एका बांधीत प्रत्येकी एक चौरस मीटरचे आठ तुकडे आखा. चारांवर जाळी टाका, चार उघडे ठेवा. रोज सकाळी एक तास मुलांनी नोंद करावी: कोणता पक्षी, किती, काडीवर की जमिनीवर. कापणीला आठही तुकड्यांचे दाणे वेगळे तोला. जाळीतल्या आणि उघड्या तुकड्यांच्या सरासरीतला फरक म्हणजे उभ्या पिकाचं पाखरांनी केलेलं नुकसान. शेजारी कापलेल्या बांधीत एका चौरस मीटरमध्ये किती दाणे सांडले आहेत, तेही वेचून तोला.

हे दोन आकडे हाती आले की ते घेऊन गावातल्या मोठ्यांसमोर बसा. होल्यावर खटला भरायचाच असेल, तर निदान पुरावा तरी मोजलेला असावा.