बाजाराचे गाव बार्शी

बाजार उगीच कुठेही भरत नाही. जिथे चार वाटा मिळतात, माल येतो आणि गिऱ्हाईक भेटते, तिथेच बाजार वाढतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले बार्शी हे असेच गाव आहे. ते कसे वाढले, ते पाहू.

गावाची जागा

सोलापूरपासून उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर बार्शी आहे. तिच्या उत्तरेला आणि पूर्वेला बालाघाटचे डोंगर आहेत. डोंगरावर मराठवाड्याचे पठार आहे. खाली सीना नदीकडे काळी, सपाट रानं पसरली आहेत. पठारावरचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून खाली यायचा. बैल दमलेले असायचे. खाली आल्यावर मोठा मुक्काम बार्शीत पडायचा. मुक्काम पडला की तिथेच सौदा व्हायचा.

गावात श्रीभगवंताचे जुने देऊळ आहे. पंढरीच्या वाटेवरचे वारकरी इथे दर्शनाला थांबतात. देवाची यात्रा आणि मालाची पेठ, दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढली.

दोन राज्यांची शीव

पूर्वी बार्शी इंग्रजी मुलखात होती. शेजारचा धाराशिवचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे बार्शी शिवेवरचे गाव. पलीकडचे शेतकरी ज्वारी, कापूस, करडई घेऊन शीव ओलांडून येत. वाटेत निजामाच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. शीव पुसली, पण बाजाराची वाट तीच राहिली.

छोटी आगगाडी

मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे बार्शीला न येता कुर्डुवाडीवरून गेली. तिथवर माल गाडीनेच न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी छोटी रेल्वे बांधली. ती १८९७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट होते. मोठ्या रेल्वेत ते साडेपाच फूट असते. रूळ अरुंद, म्हणून खर्च कमी. लोक तिला ‘बार्शी लाईट’ म्हणत. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. आता त्या मार्गावर मोठे रूळ आहेत.

रेल्वे आली, पेठ वाढली. पण शेतकऱ्याच्या पदरात किती पडले?

माप आणि भाव

पूर्वी अनेक बाजारांत दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा असे, पण त्याला काही कळत नसे. मापही मनाचे. हे थांबावे म्हणून कायदे झाले. महाराष्ट्रात बाजार समितीचा कायदा १९६३ सालचा आहे. समितीच्या आवारात लिलाव उघड बोलून करायचा असतो. माल परवाना असलेल्या तोलाराने मोजायचा असतो.

पण कायदा असला तरी डोळे आपलेच उघडे पाहिजेत. माल विकल्यावर हिशेबपट्टी मिळते. तिच्यात चार गोष्टी वाचा : वजन, भाव, हमाली-तोलाईची कपात आणि हातात येणारी रक्कम.

समजा, तुमची ज्वारी १० क्विंटल भरली. भाव क्विंटलला २,५०० रुपये. म्हणजे २५,००० रुपये झाले. पट्टीत चुकून ९ क्विंटल ५० किलो लिहिले, तर १,२५० रुपये गेले! वाचता येत असेल, तर चूक तिथेच सापडते. घरी गेल्यावर सापडून काय उपयोग?

घाट, देऊळ, शीव आणि रेल्वे यांनी बार्शीचा बाजार मोठा केला. त्या बाजारात शेतकऱ्याला मोठे करायचे, तर पट्टी वाचल्याशिवाय पैसे मोजून घेऊ नका. समजले नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.