मृतजात अपत्य व मातेचें दुःख

दिवस भरलेल्या बाईचें मूल मृत निपजलें, कीं घरांतील वडील माणसें 'झालें गेलें विसरून जा, अजून वय आहे' असें म्हणून तिची समजूत घालतात. हेतु चांगला असला, तरी त्यामुळें त्या माउलीला रडण्याचीहि चोरी होते, असें आम्हांस वाटतें. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पांचव्या-सहाव्यांत पात व त्यापुढें प्रसूति असा भेद केला आहे. अर्थात् पुढील महिन्यांतील तो जन्मच होय. १९६९ च्या कायद्यानें मृतजन्माचीहि नोंद आवश्यक केली. २०२२ सालीं केंद्र सरकारनें आपल्या सेवेंतील अशा मातांना ६० दिवसांची खास रजा दिली. सरकारला दिसलेलें दुःख घरच्यांना दिसूं नये काय?

गर्भाचे २८ आठवडे उलटल्यावर जगांत दरवर्षीं सुमारें १९ लाख मुलें अशीं जातात. त्यांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक प्रसूतिवेदना चालू असतांना दगावतात. तेव्हां सारा भार दैवावर टाकतां येत नाहीं. रक्तदाब, मधुमेह व उपदंश यांची वेळेवर तपासणी करावी. सातव्या महिन्यानंतर गर्भिणीनें कुशीवर निजावें. पोटांतील हालचाल मंदावली, तर उजाडण्याची वाट न पाहतां तिला रुग्णालयांत न्यावें.

इतकें करूनहि घात झालाच, तर तिची इच्छा असल्यास बाळाचें मुख तिला पाहूं द्यावें, नांव ठेवूं द्यावें. पुढें आईबाप त्याच्याविषयीं बोलूं लागले, तर विषय न बदलतां ऐकावें.