दुकानाची पाटी फोटोत आधीच बघायची: साध्या प्रश्नातून रिसर्च प्रॉब्लेम कसा काढायचा?



पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, "एआयमध्ये काम करायचंय, पण नेमका प्रॉब्लेम कुठून आणायचा?" आज एक अगदी रस्त्यावरचा विषय घेऊ. दुकानदाराला नवी पाटी करायची आहे. इमारतीचा फोटो मोबाईलवर आहे. पाटी बसवल्यावर ती कशी दिसेल, हे एआय वापरून आधीच दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आता याचे तुकडे करू. 'एआयने पाटी दाखवणे' हा विषय झाला, रिसर्च प्रॉब्लेम नाही. त्याच्या आत निदान तीन वेगळे प्रश्न आहेत: जागा, प्रकाश आणि अक्षर.

१. जागा: इथे एआय लागतंच असं नाही

फोटो तिरका काढलेला असेल तर आयताकृती पाटी फोटोत आयताकृती दिसत नाही. हे गणित जुनं आहे, त्याला होमोग्राफी म्हणतात. ३ × ३ चा एक मॅट्रिक्स, म्हणजे ९ आकडे. एकूण स्केलला अर्थ नसल्यामुळे त्यातले ८ उरतात. फोटोतला एक बिंदू आणि भिंतीवरची त्याची खरी जागा ही जोडी २ समीकरणं देते. म्हणून ४ बिंदू पुरतात, फक्त त्यातले कोणतेही तीन एका रेषेत नकोत. ओपनसीव्हीमध्ये हे दोन ओळींचं काम आहे.

पण पाटी १२ फुटी आहे की १० फुटी, हे फोटोला कसं कळणार? एखादं माहीत असलेलं माप हवं. समजा शटर ८ फूट रुंद आहे आणि सरळ केलेल्या फोटोत ते ६४० पिक्सेल आलं. म्हणजे एका फुटाला ८० पिक्सेल. मग १२ × ३ फुटांची पाटी ९६० × २४० पिक्सेलची काढायची.

इथे एक मेख आहे. पाटी सहसा शटरच्या पातळीत नसते, पुढे आलेली असते. कॅमेरा शटरपासून २० फुटांवर समोर आहे आणि पाटी दीड फूट पुढे आहे असं धरा. पाटीचं अंतर झालं १८.५ फूट. २० भागिले १८.५, म्हणजे खरी पाटी साधारण ८ टक्के मोठी दिसणार. बघा, एकही मॉडेल ट्रेन न करता आपल्याला चुकीचा एक मोजता येणारा स्रोत सापडला.

२. प्रकाश: इथे एआयचं खरं काम

नुसती पाटी चिकटवली की ती चिकटवलेलीच दिसते. सावली नाही, उन्हाचा रंग नाही. कडा मिसळण्यासाठी पॉइसन ब्लेंडिंगसारखी पद्धत २००३ पासून आहे. पण दुपारच्या फोटोवरून 'रात्री ग्लो साइन कसा दिसेल' हे दाखवायचं असेल तर ती पुरत नाही. इथे डिफ्यूजन मॉडेल कामाला येतं. फोटोच्या ठरावीक भागावर मास्क ठेवायचा आणि तेवढाच भाग नव्याने भरून घ्यायचा. याला इनपेंटिंग म्हणतात.

मात्र मॉडेल 'सुंदर' फोटो देण्याच्या नादात भिंतीची तडे गेलेली जागा, लोंबणाऱ्या वायरी, शेजारची पाटी हेही हळूच बदलू शकतं. मास्कबाहेरचा भागसुद्धा एन्कोडर-डीकोडरमधून जाताना थोडा बदलतो. म्हणून मास्कबाहेर मूळ पिक्सेल परत बसवायचे आणि किती फरक पडला होता तोही मोजायचा. दुकानदार हा फोटो बघून पैसे मोजणार आहे. त्याच्यासाठी हा प्रिव्ह्यू एक प्रकारचा शब्दच असतो.

३. अक्षर: आपल्या भाषेचा प्रश्न

स्टेबल डिफ्यूजनच्या २०२२ च्या पहिल्या आवृत्तीत ५१२ × ५१२ चा फोटो आतमध्ये ६४ × ६४ च्या जाळीत दाबला जातो. म्हणजे जाळीच्या एका चौकटीत ८ × ८ पिक्सेल. आता फोटोत ४० पिक्सेल उंचीचं अक्षर असेल तर त्यावरचा अनुस्वार केवढा? जेमतेम ५-६ पिक्सेल. एका चौकटीपेक्षाही लहान! तो पुसला गेला किंवा सरकला तर नवल नाही.

आणि अनुस्वार गेला तर काय होतं? 'चिंतामणी वस्त्रालय'चं 'चितामणी वस्त्रालय' होतं. कोणता दुकानदार ही पाटी लावेल?

याचं मोजमाप कसं करणार? नेहमीचं माप म्हणजे कॅरॅक्टर एरर रेट. 'चिंतामणी वस्त्रालय'मध्ये युनिकोडचे १८ कोड पॉइंट आहेत (चिंतामणी ८, मधली जागा १, वस्त्रालय ९). एक गेला, म्हणजे चूक १८ पैकी १, साधारण ५.६ टक्के. पेपरमध्ये '९४ टक्के अचूक' असं लिहिता येईल, आणि तरी पाटी वाया गेलेली असेल. म्हणून इथे 'पूर्ण नाव बरोबर आलं का, हो की नाही' हे माप जास्त प्रामाणिक आहे. दोन्ही द्या, पण निष्कर्ष कोणत्या मापावर काढणार ते प्रयोगाआधी लिहून ठेवा.

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसत्या सौंदर्याचा नाही. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. आता विचार करा, अक्षराचा 'आकार' म्हणजे नेमकं काय मोजायचं? शिरोरेषेपासून खालपर्यंत, की वेलांटी-उकारासकट? अशा व्याख्या ठरवणं हासुद्धा रिसर्चचाच भाग आहे.

मग प्रॉब्लेम स्टेटमेंट कसं होईल?

"एआयने दुकानाच्या पाट्या तयार करणे" असं नको. त्याऐवजी असं बघा: "अक्षरं फॉन्टमधून काढून होमोग्राफीने बसवली आणि डिफ्यूजन फक्त प्रकाशासाठी वापरलं, तर सगळं काम डिफ्यूजनवर सोपवण्याच्या तुलनेत मराठी नावं पूर्ण बरोबर येण्याचं प्रमाण वाढतं का, आणि फोटोचा खरेपणा किती घटतो?" यात तुलना आहे, माप आहे, आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते सांगण्यासारखं आहे.

सुरुवात करायची असेल तर

- आपल्या गल्लीतल्या २० दुकानांचे फोटो काढा, मालकांना विचारून. शटरची रुंदी टेपने मोजून लिहून ठेवा.
- ३० नावांची यादी करा. त्यात जोडाक्षरं, रफार, अनुस्वार मुद्दाम घ्या.
- आधी एआयशिवाय बेसलाइन करा. ओपनसीव्हीचं साधं टेक्स्ट फंक्शन देवनागरी काढत नाही. पिलो वापरा, पण राक्म लेआउट चालू आहे ना ते तपासा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात.
- निकाल नुसत्या ओसीआरवर सोडू नका. ओसीआरही चुकतं. मराठी वाचणाऱ्या दोघांकडून वेगवेगळं तपासून घ्या आणि त्यांचं किती जुळलं तेही नोंदवा.

एवढं केलंत की गाइडसमोर जाताना तुमच्याकडे नुसती आयडिया नसेल, एक तक्ता असेल. आणि चर्चा तक्त्यावरच होते, हे लक्षात ठेवा.

तुमच्या यादीतलं कोणतं नाव मॉडेलने सगळ्यात जास्त बिघडवलं, ते नक्की कळवा!