पातळ प्लायवूडमध्ये बिजागरी टिकते कशी?

घरी बनवलेल्या हलक्या पेटीत सर्वांत आधी निकामी होणारा भाग बहुधा बिजागरीचा असतो. ४० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद झाकण १९ मिमी जाडीच्या प्लायवूडचे केल्यास त्याचे वजन सुमारे १.४ किलो भरते, तर ४ मिमीचे केल्यास ते ३०० ग्रॅमच्या आत राहते. परंतु नागपूरच्या लकडगंजातील लाकूडबाजारातून आणलेला असा पातळ तक्ता कितीही चांगल्या प्रतीचा असला, तरी स्क्रूला धरून ठेवण्याइतकी खोली त्यात नसते.

स्क्रूची पकड त्याचे आटे, म्हणजे त्याच्या अंगावरील मळसूत्री कडा, लाकडात किती खोल रुतले आहेत यावर अवलंबून असते. सहा नंबरच्या लाकडी स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर सुमारे १.४ मिमी असल्याने ४ मिमी जाडीत तीन आटेदेखील पुरते बसत नाहीत, आणि त्यातही टोकाचा निमुळता भाग फारसा उपयोगी पडत नाही. तक्त्याच्या कडेत स्क्रू मारणे त्याहून घातक ठरते, कारण तेथे तो पाचरीसारखा शिरून प्लायवूडचे थर एकमेकांपासून उकलतो.

या अपुऱ्या पकडीवर येणारा भार मात्र मोठा असतो. उघडलेले झाकण मागे रेलले, की पेटीची मागची कड टेकू बनते आणि झाकण तरफेसारखे वागू लागते. आघूर्ण, म्हणजे बल आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार, दोन्ही बाजूंना सारखा राहावा लागत असल्याने टेकूपासून ३० सेंमीवर दिलेला एक किलोचा दाब १.५ सेंमीवरील स्क्रूंना एकूण २० किलोच्या ओढीने उपसू पाहतो. म्हणूनच झाकणाला आतून साखळी किंवा मजबूत नाडी बांधून ते ठरावीक कोनावर अडवणे, हा बिजागरीचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नागपूरचे हवामान या दुबळ्या जागेची आणखी कसोटी पाहते. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवणाऱ्या या शहरात मे महिन्यातील दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांवर जाते. लाकूड हवेशी समतोल साधताना पाणी शोषते किंवा सोडते. कोरड्या उन्हाळ्यात त्यातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या ४ ते ५ टक्क्यांवर येऊ शकते, तर दमट पावसाळ्यात ते १६ टक्क्यांपर्यंत चढू शकते. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने तक्त्याची लांबी-रुंदी फारशी बदलत नाही, पण जाडीच्या दिशेने त्याला रोखणारे काहीच नसते. त्यामुळे दर ऋतूत आट्यांभोवतालचे तंतू फुगतात, आकसतात आणि हळूहळू पकड सोडतात. आर्द्रतेला तोंड देण्यासाठी आयएस ३०३ या भारतीय मानकातील एमआर (ओलावारोधक) प्रतीपेक्षा बीडब्ल्यूआर (उकळते पाणीरोधक) प्रत अधिक योग्य असली, तरी त्या प्रतीचा लाभ थरांमधील चिकटद्रव्याला होतो, स्क्रूची खोली त्याने वाढत नाही.

यावर दोन भरवशाचे उपाय आहेत. पहिल्यात तक्त्याच्या आतल्या बाजूस १२ मिमी जाडीची सागवानी पट्टी फेविकॉलसारख्या चिकटद्रव्याने बसवतात, आधी बारीक छिद्र पाडतात आणि १६ मिमीचा स्क्रू प्लायवूडमधून त्या पट्टीत घेतात. पट्टी ती ओढ आपल्या संपूर्ण चिकटलेल्या पृष्ठभागावर पसरवते. दुसऱ्यात ४ मिमीचा नट-बोल्ट आरपार घालून आतून १२ मिमी व्यासाचा वॉशर लावतात, ज्याचे टेकण्याचे क्षेत्रफळ नुसत्या नटाच्या तिपटीहून अधिक असल्याने लाकडावरील दाब त्याच प्रमाणात घटतो. नट फार आवळल्यास तंतू चिरडतात आणि उन्हाळ्यात जोड सैल पडतो, म्हणून नायलॉनची कडी असलेला लॉकनट बेताने आवळणे हितावह असते.

विमानविद्येनेही हाच मार्ग स्वीकारला होता. नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचे धड बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड भरून घडवले होते आणि अधिक बळकटी हवी तेथे बाल्साऐवजी स्प्रूस वापरले होते. हलकी वस्तू टिकाऊ करायची तर सगळीकडे जाडी वाढवण्याची गरज नसते. बल जेथे एकवटते ती जागा ओळखून तेवढीच बळकट करणे पुरते, आणि झाकणाच्या पेटीत ती जागा बिजागरीखाली असते.